नदीच्या वळणावरची हरकत

माईकपाशी रांग लावताना मी एकाच्या पायावरच उभी राहिले, आणि माफी मागायची सोडून त्यालाच विचारलं, "हरकती इथेच घेतात ना?"

"इथेच. पण पाय काढलात तर बरं होईल."

नदीकाठाने सरकारी रस्ता होणार होता. त्याच्या पर्यावरण अहवालावर आज जनसुनावणी होती. मी नदीच्या वळणावर मुलांना पोहायला शिकवते. नेमकं तेच वळण रस्त्याच्या भिंतीआड जाणार होतं. बाबांना मात्र रस्ता हवाच होता, त्यांचा दवाखान्याचा लांबचा फेरा वाचला असता. त्यावरून सकाळीच आमचं वाजलं होतं.

माझी पाळी आली. "अहवालात लिहिलंय, या वळणावर कुणी येत नाही. मग मी शिकवते कुणाला... माशांना?"

सभागृह हसलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पाहणी कुणी केली?"

ज्याचा पाय मी तुडवला होता, तोच उठला! "मी, मॅडम. ऐन थंडीत केली, तेव्हा खरंच कुणी नव्हतं. उन्हाळ्यात पुन्हा करायला हवी."

त्याचे साहेब लालबुंद झाले. बाईंनी फेरपाहणीचा आदेश दिला. मी जिंकले होते — तरी आधी त्याच्याच मागे धावले.

जिन्यात मी त्याला गाठलं. "नोकरी गेली?"

"नोकरी आहे. या कामावरून काढलं."

"मग खरं कशाला बोललात?"

"तुम्ही माशांचं बोललात, मला हसू आलं... आणि हसताना मला खोटं सुचत नाही."

काय माणूस! रागवावं, की... छे!

घरी बाबांनी दारातच गाठलं. "अडवलास रस्ता?"

"सध्यापुरता."

"मग तोंड का पडलंय?"

मी कुकर लावायला आत पळाले.

उन्हाळा लागला. एका सकाळी मुलं पाण्यात डुंबत होती आणि तो काठावर, खांद्यावर टॉवेल टाकून उभा!

"तुम्ही? पाहणी तर दुसऱ्यांकडे गेली ना?"

"पोहायला शिकायचंय."

"खरंच?"

"हो... म्हणजे, येत तर नाहीच. पण आलोय तुम्हाला भेटायला."

मुलं खिदळली. माझे कान तापले. "आणि उद्या इथे रस्ता झाला तर?" मी भलतंच विचारलं.

"तर तुम्ही जिथे शिकवाल, तिथे येईन. चालेल?"

मी हात पुढे केला. हात धरून तो पाण्यात उतरला.

"पहिला धडा — घाबरायचं नाही," मी म्हटलं. हात सोडायला मात्र मीच घाबरत होते. त्यानेही तो सोडला नाही.