शेवंतीच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळी

"रुद्र, पळत ये! शेवंती जळलीय!"

योगिनीची हाक ऐकताच रुद्र अनवाणीच मळ्यात धावला. दिवाळीच्या सुट्टीत दोघं भावंडं मखमलाबादला शेखरकाकांकडे आली होती. शेवंतीवर माव्याची कीड पडली म्हणून मळ्यात काम करणाऱ्या नवसाबाईंनी परवा निंबोळी तेल फवारलं होतं. आज शेवटच्या दोन ओळी करपलेल्या!

"तणनाशकाचा पंप न धुताच वापरलात!" काका नवसाबाईंवर कडाडले. "उद्यापासून येऊ नका!"

"नाय हो दादा! तो पंप येगळा हाय," नवसाबाई कळवळून म्हणाल्या.

योगिनी पहिल्या ओळीपाशी वाकली आणि चक्रावलीच. "अरे, इथे तर मावा मजेत आहे! पंप एक, तेल एक. मग इकडे किडा मरत नाही आणि तिकडे झाडच मरतंय?"

"आणि पंपात तणनाशक राहिलं असतं, तर आधी पहिल्या ओळी जळल्या असत्या ना?" रुद्रने डोकं खाजवलं. "काहीच कळेना!"

"काका, औषध कालवलं कोणी?" योगिनीने विचारलं.

"मीच. पाण्यात तेल ओतलं, झालं!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रुद्रने काचेच्या बाटलीत पाणी भरून थोडं तेल टाकलं आणि खळखळून हलवलं. जरा वेळाने तेल वर, पाणी खाली!

"पंपाची नळी तळाशी असते!" योगिनी ओरडली. "आधी नुसतं पाणी फवारलं गेलं आणि शेवटी नुसतं तेल. त्यानेच झाडं जळली!"

"तेलाच्या डब्यावर लिहिलंय, काका," रुद्रने वाचून दाखवलं, "आधी साबणाच्या पाण्यात तेल घोळवा."

काकांनी डबा हातात घेतला. दोनदा वाचला. मग मान खाली घालून ते नवसाबाईंसमोर उभे राहिले. "चुकलो मी. उगाच बोललो तुम्हाला."

त्या संध्याकाळी साबणाच्या पाण्यात घोळवलेलं तेल दुधासारखं पांढरं झालं. ते फवारल्यावर चार दिवसांनी पहिल्या ओळीतला मावा वाळून गेला होता. करपलेल्या दोन ओळी मात्र उपटाव्याच लागल्या.

"मोठ्यांना जे सुचलं नाही, ते तुम्ही शोधलंत!" काकांनी दोघांच्या पाठी थोपटल्या.

"लय हुशार लेकरं," नवसाबाई हसल्या. त्यांनी काकांच्या हातातला तेलाचा डबा काढून घेतला. "पर दादा, हितून पुढं औषध मीच कालवणार!"