डोलकाठीच्या गाठी कोण सोडतं?

“मामा, डोलकाठी पुन्हा कलंडली,” अभयने दारातूनच सांगितलं. ओरडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. शहरातल्या मुकुंदवाडीहून सुट्टीला आल्यापासून तो आणि त्याची थोरली बहीण मेघा, दोघं नुसतं ऊन खात होती.

साहेबराव मामा म्हणजे पैठणजवळ जायकवाडीच्या काठी राहणारे निवृत्त शिक्षक. दुष्काळाने धरणाचं पाणी कुठल्या कुठे हटलेलं, उरलंसुरलं वाढत्या शहराच्या नळांना चाललेलं, आणि मामांना नेमकी आत्ताच शिडाची होडी बांधायची हौस आली! डोलकाठीला ताण द्यायला त्यांनी नव्या तऱ्हेचा कृत्रिम दोर मागवला होता. करंगळीएवढा, पण लोखंडी तारेलाही भारी. गाठी मात्र रोज सुटलेल्या सापडत.

“त्या मेंढरंवालीचंच काम,” मामा म्हणाले. मेंढरंवाली म्हणजे बारा वर्षांची अंबिका. होडीजवळून पाण्याकडे जाणारी कडक जमिनीची तेवढी एकच वाट होती, बाकी सगळा गाळ. तीच वाट मामांनी तिच्यावरच्या संशयाने तीन दिवसांपूर्वी बाभळीच्या काट्या टाकून बंद केली होती.

दुपारी मेघाला अंबिका भेटली. गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेली.

“गाठी तू सोडतेस?”

“मी कशाला सोडू? मला येळ कुठंय? लांबून वळसा घालता घालता पाय मोडून आलेत माझे.”

मेघाला तिचं पटलं. आपण उगाच विचारलं, असंही वाटलं. तिने मामांचं लाल पेन आणलं, दोराचं मोकळं टोक गाठीतून बाहेर येतं तिथे खूण केली आणि अभयला घेऊन होडीच्या सावलीत बसून राहिली. वारा सुटला. डोलकाठी हिसके देऊ लागली. तासाभराने अभय पेंगत होता तेव्हा मेघाने पाहिलं, तर लाल खूण गाठीच्या आत गेली होती आणि दोराचं मोकळं टोक बोटभर आखूड झालं होतं.

“अभय, ऊठ. कोणी हात लावला नाही, तरी गाठ सरकतेय.”

त्याने दोर चाचपला. “साबणासारखा बुळबुळीत आहे गं हा.”

पण नुसतं सांगून मामा ऐकणारे नव्हते. संध्याकाळी मेघाने त्यांना बाभळीखाली आणलं. “मामा, तुमची सगळ्यात पक्की गाठ मारून दाखवा.” मामांनी ऐटीत गाठ मारून दगडांचं पोतं टांगलं. अभय त्याला झोके देत राहिला. विसाव्या झोक्याला दोर सुळकन निसटला आणि पोतं धाडकन खाली आलं.

मामांचा चेहरा उतरला. “मग एवढ्या मजबूत दोराचा उपयोग काय?”

जिच्यावर आळ आला तिनेही हे पाहावं म्हणून मेघाने हाक मारली, तशी मेंढरांमागून अंबिका आली. तिने दोर बोटांनी दाबला. “आतून पोकळ हाय ह्यो. गाठ कशाला मारता, गुरुजी? आमची गोफण बघा. शेपूट पोटात घालायचं. जितकं वढाल, तितकं आवळतंय.”

मामांच्या शीड शिवायच्या दाभणाने तिने दोराचं हातभर टोक त्याच्याच पोटात सारलं. पोतं पुन्हा टांगलं. अभय लोंबकळला, मेघा लोंबकळली. दोर तसूभरही हलला नाही.

“चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी,” मामा हळूच म्हणाले. “मेघा, अभय, शाबास. आणि अंबिका, तू तर माझीच गुरू झालीस.”

“शाबासकी ऱ्हाऊ द्या, गुरुजी. काल माझं एक कोकरू गाळात रुतून मेलं. आता तेवढ्या काट्या काढा.”

मामा तसेच वाकले आणि हातांनीच फांद्या ओढू लागले. अभय मदतीला धावला, तर त्यालाही त्यांनी दूर सारलं. मेंढरं धावत पाण्याला लागली. मामा मात्र अंधारून येईपर्यंत वाटेवरचा एकेक काटा वेचत राहिले.