बोटांना सुट्टी

"हात पुढे करा, वहिनी! पाठीमागे काय लपवलंय? दाखवा म्हणते ना!"

धाकटी दारातच उभी होती. हॉटेलात चादरी बदलायचं आणि न्हाणीघरं घासायचं तिचं काम. त्या दिवशी भर दुपारीच मोकळी झाली म्हणून मोठ्या आनंदाने जिने चढून आली होती. आणि घरात शिरून बघते तो काय... थोरली जाऊ खिडकीपाशी उभी, पांढरे सुती हातमोजे काढून टेबलावर टाकलेले, आणि दोन्ही हात पाठीशी! चोरून साखर खाताना सापडलेल्या पोरीसारखी!

"काही नाही गं... बोटं जरा उन्हात शेकत होते," थोरली म्हणाली. खोटं बोलणं तिला जन्मात जमलं नाही. लगेच कान लाल व्हायचे, आणि तेव्हा तर असे लाल झाले की वर आधण ठेवलं असतं तर चहा उकळला असता!

आता हे हातमोज्यांचं काय प्रकरण, तर ऐका. त्या परक्या देशात कायमचं राहायचं म्हणजे सरकारला बोटांचे ठसे द्यावे लागत, आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचे उमटले नाहीत, तर बाकीच्यांचेही पुन्हा घेत. म्हणून तिघं मिळून कचेरीत गेले होते, थोरली, तिचा दीर आणि दिराची बायको, म्हणजे ही धाकटी. दिराचे ठसे झाले, धाकटीचे झाले. थोरलीने काचेवर बोटं टेकवली आणि यंत्र गप्प! पुन्हा टेकवली, पुसली, ओली केली, दाबली... यंत्राला वाटलं असेल, कुणी काचेवर बटाटे ठेवलेत! खिडकीतल्या बाईने आपला चष्मा पुसला, यंत्र पुसलं, आणि शेवटी थोरलीचा हातच हातात घेऊन बघितला. बोटांवर एक रेघ नाही! नुसती गुळगुळीत. माशी बसली असती तर घसरून पडली असती, आणि मी म्हणते पडलीच असेल.

कशी राहणार रेघ? थोरलीचा नवरा सुतार होता. तो ऐन उमेदीत गेला, आणि मागे उरलं भुशाने भरलेलं एक दुकान आणि लाकडाच्या ठोकळ्यांशी खेळणारा एवढासा दीर... त्या लेकराला ना आई, ना बाप. नावच पडलं होतं ठोकळ्या. लोक म्हणाले, "अगं, दुसरं लग्न कर, तुझं वय ते काय!" तिने काय केलं? बाह्या वर केल्या, नवऱ्याच्या पेटीतला पॉलिशपेपर काढला आणि घासायला बसली. खुर्च्या घासल्या, पाळणे घासले, दारं घासली... लाकडं गुळगुळीत होत गेली, ठोकळ्या मोठा होत गेला, इस्पितळात नर्स झाला, परदेशात नोकरी लागली. आणि तिच्या बोटांवरच्या रेघा भुशाबरोबर कधी उडून गेल्या, ते तिचं तिलाही कळलं नाही!

"बोटांना आराम द्या," खिडकीतली बाई आपल्या भाषेत म्हणाली आणि ठोकळ्याने ते मराठीत सांगितलं. "तेल लावायचं, मोजे घालायचे, कामाला हात लावायचा नाही. रेघा परत येतात म्हणे. मग आपण सगळ्यांनी पुन्हा यायचं. पण तेव्हाही उमटल्या नाहीत तर वहिनी..." एवढं म्हणून त्याने वहिनीचा हात घट्ट धरला. तर वहिनीला परत जावं लागेल.

परत कुठे? दुकान विकून विमानात बसली होती ती!

मग काय, घरात उलटं राज्य सुरू झालं. थोरली मोजे घालून खुर्चीत, ठोकळ्या स्वयंपाकघरात पातेली करपवतोय, आणि धाकटी दिवसभर हॉटेल घासून आली की करपलेली पातेली घासतेय. एकदा एक पातेलं काही केल्या सुटेना. धाकटी दमलेली, भुकेली... तिच्या तोंडून निघून गेलं, "इथे घरटी एकच म्हातारं माणूस ठेवायची परवानगी! माझी आई तिकडे एकटी पडलीय, आणि मी इथे दुसऱ्यांची उठाठेव करतेय!"

बोलली आणि लगेच तिने जीभ चावली. थोरली खुर्चीत डोळे मिटून बसली होती. झोपली असेल, असं धाकटीला वाटलं.

झोपते कसली! एकेक शब्द तिच्या काळजात जाऊन बसला... राग नाही हो आला तिला. उलट मायेने जीव भरून आला. घरटी एकच म्हातारी! म्हणजे या खुर्चीत मी बसलेय ती त्या बिचारीच्या जागेवर! त्या माउलीने पोटची पोर एवढ्या लांब धाडली, आणि मी मात्र इथे तेल चोपडून घेत बसलेय!

तर त्या दुपारी खिडकीपाशी...

"शेवटचं सांगते वहिनी, हात!"

थोरलीने हात पुढे केले. डाव्या मुठीतून पॉलिशपेपरचा एक जुना तुकडा फरशीवर पडला. उजव्या हाताची बोटं लालबुंद झाली होती. कोवळ्या रेघा नुकत्या कुठे धरू लागल्या होत्या, त्यांच्यावरच तिने तो कागद फिरवायला घेतला होता!

धाकटीला आधी काही समजेना... आणि मग सगळंच समजलं. तिने खाली बसून तो तुकडा उचलला.

"तुम्ही मुद्दाम... वहिनी, मुद्दाम?"

"अगं, जागा एकच आहे ना," थोरली इतक्या हळू बोलली, जणू तिनेच काही चोरलं होतं. "तुझ्या आईला आण. तिला लेक एकुलती एक. मी काय, कुठल्याही कोपऱ्यात पडून राहीन. लाकडाची सवय आहे मला."

"आणि तुमच्या त्या ठोकळ्याला आया किती आहेत हो?" धाकटी हुंदके देत ओरडली. "सांगा ना! किती आहेत? मी दमून काहीतरी बरळले, आणि तुम्ही... तू... वहिनी, तू माझ्या एक थोबाडीत का नाही दिलीस गं!"

"बोटांना काम सांगितलं नव्हतं ना!" थोरली म्हणाली, आणि रडता रडता दोघींना हसू फुटलं.

धाकटीने तिथेच, फरशीवर बसूनच, आईला फोन लावला आणि नाक ओढत सगळी हकिगत सांगितली. पलीकडून असा आवाज आला की फोन कानाला लावायची गरजच उरली नाही.

"मी येणार म्हणून कुणी सांगितलं तुला? मला विचारलंस? माझा पत्त्यांचा डाव सोडून मी तिकडे तुझी पातेली घासायला येऊ? पाहुणी म्हणून येईन, ऐटीत राहीन, आणि उठून चालती होईन! आणि त्या बाईच्या बोटाला पुन्हा ओरखडा दिसला ना, तर आधी तुझे कान उपटायला येईन!"

फोन ठेवताना मात्र आईचा आवाज किंचित कापला. धाकटीला कळलं नाही. थोरलीला कळलं... त्या सातासमुद्रापलीकडच्या विहिणीला तिने मनोमन हात जोडले.

त्या दिवशी धाकटीने पॉलिशपेपर कपाटाच्या वर टाकला आणि तेव्हापासून ती थोरलीची बोटं स्वतः तेलाने चोळू लागली, एकेक, तान्ह्या बाळाची चोळावीत तशी. इतकं तेल की थोरलीने दाराची कडी धरली की कडीच हातातून पळून जायची! "अगं, पुरे गं!" थोरली म्हणायची. "तू गप्प बस वहिनी!" धाकटी म्हणायची. त्या 'तू'ने थोरलीचे डोळे भरून यायचे... आयुष्यात तिच्या हातांनी सगळ्यांना कुरवाळलं होतं, पण त्या हातांना कुरवाळणारं असं कोण होतं?

पुन्हा कचेरीचा दिवस उजाडला. ठोकळ्याचे ठसे झटकन उमटले. मग थोरलीने श्वास रोखून काचेवर बोटं ठेवली... आणि पडद्यावर हळूच रेघा उमटल्या! फिकट, बारीक, पण रेघा! ठोकळ्या एवढा बाप्या गडी, पण सगळ्या रांगेसमोर घळाघळा रडला. खिडकीतली बाई हसली आणि म्हणाली, "तुमचं झालं. आता तुम्ही इथल्याच."

राहिली धाकटी. तिने ऐटीत बोटं टेकवली.

यंत्र गप्प!

पुन्हा टेकवली, पुसली, दाबली... गप्प! बाईने तिचा हात उलटा करून बघितला. हॉटेलातली औषधं, घरची घासायची पावडर, करपलेली पातेली... सालपटं निघालेली बोटं नुसती! "बोटांना आराम द्या," बाई म्हणाली. "तेल, मोजे, आणि काम बंद. मग तुम्ही एकट्याच या."

धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला मात्र असं हसू लोटलं की रांगेतली माणसं मागे वळून बघू लागली. तिने पिशवीतून तेच पांढरे हातमोजे काढले आणि धाकटीच्या हातांत एकेक बोट नीट बसवून चढवले.

"अगं वहिनी, पण घरी भांडी पडलीत!"

"ती ठोकळ्या घासेल," थोरली म्हणाली. तिने दिराचा हात उचलून त्याची ती मऊ, रेघारेघांची बोटं एकदा डोळे भरून बघितली. "फार जपली हो मी ही बोटं... आता झिजू देत थोडी!"