पायाखालचा लेपा

दिवेलागणीला झिपरू भोई राख सोडायला तापीत उतरला. धरणगावाकडच्या याच काठावर त्याचा जन्म गेला होता. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. मुलगा हितेंद्र मात्र सुरतेपलीकडे, तापी समुद्राला मिळते तिथे, मासेमारीच्या कामाला गेला आणि तिथल्या खाडीतच बुडाला. देह हाती लागला नाही. महिने गेले. शेवटी आज झिपरूने कणकेचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला.

सून सारिका वाटेत आडवी आली होती. "जित्या माणसाला जाळतात का, नाना? हाड तरी दिसू द्या."

"पाण्याने नेलेला परत येत नाही. सोड वाट."

पाणी गुडघ्याला लागलं. धूर नदीवरच बसून राहिला होता. काठावरून धाकटा भाऊ चुडामण ओरडला, "आवर भाऊ, मच्छर खाई जातीन माले!"

राख वाहून गेली. झिपरू वळणार, तोच तळव्याखाली काहीतरी चपटं हललं.

हितेंद्र सुट्टीला आला की सांगायचा, खाडीतला लेपा मासा चिखलात निजतो. डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो. पाय उचलायचा नाही. दाबून धरायचं, मग हात चाचपत खाली न्यायचा.

झिपरूने हात घातला. वर आला तो भाकरीसारखा चपटा मासा. दोन्ही डोळे एकाच अंगाला.

मासा पाहून चुडामण मागे सरला. "हाऊ आपली तापीमा नही ऱ्हास... समिंदरना शे. सोडी दे, भाऊ."

झिपरूने मासा सोडला. पाणी गप्प झालं.

मग त्याच्या पावलावर एक पाऊल पडलं. गार. ते उचललं गेलं नाही, दाबून राहिलं.

"चुडामण, पाय सोड."

"मी त काठवर शे, भाऊ..."

पोटरीवरून बोटं चाचपत खाली येऊ लागली.

झिपरूने हिसका दिला, तो कसाबसा काठावर आला. भावाला मागे टाकून घर गाठलं.

दारातच वास आला. खारट, कुजक्या चिखलाचा. त्याच्या नदीचा नव्हे. पुतळा जळाल्यावर मुलाच्या नावाने लावलेला दिवा विझवलेला होता. सारिका उंबऱ्यात उभी होती, हातात उष्टं ताट. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, नाना... आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

आत अंधारात कोणीतरी कूस बदलली.