आठ फळ्या आणि एक समिती

“पहिला प्रश्न खोड,” मापाडी म्हणाली.

वकिलाने खोडला. गावाच्या पूल समितीच्या छापील कागदावर तेवढा एकच प्रश्न होता, ‘पुलासाठी आपल्याकडे काय काय नाही?’ त्यामुळे कागद आता कोरा झाला.

मापाडी बारा वर्षांची. शिवणाची टेप गळ्यात अडकवून ती दिसेल ते मोजत सुटायची. वकील तिचा आतेभाऊ. तो झोपेतसुद्धा वाद घालायचा. तिसरा मापाडीचा धाकटा भाऊ, शेंडेफळ. तो कुठेही मावायचा, एवढीच त्याची पात्रता.

कालव्यावरच्या पादचारी पुलाच्या आठ फळ्या कुजल्या होत्या, म्हणून पूल चार महिने बंद होता. पलीकडे आत्याचं शिवणकामाचं दुकान. एका बटणासाठी चाळीस मिनिटांचा वळसा कोण घालणार? सुटी संपली की दुकान बंद करून ती शहरात कामाला जाणार होती. वकीलही तिच्याबरोबर जाणार, हे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

समिती मात्र दर रविवारी बसत होती. ‘काय नाही’ची यादी एकसष्ट कलमांवर गेली होती. अठ्ठावन्नावं कलम होतं, उत्साह.

कोऱ्या कागदावर मापाडीने लिहिलं, ‘तुमच्याकडे काय आहे?’ आणि तिघं घरोघर निघाले. पहिल्या घरातल्या काकूंकडे गुडघेदुखी होती. वकिलाने ती नोंदवली. मग लोहाराकडे बोल्ट निघाले, रंगाऱ्याकडे अर्धा डबा हिरवा रंग. व्यायामशाळेत चार दादा होते. ते रोज जड वजनं उचलून पुन्हा तिथेच ठेवायचे. एखादी वस्तू दुसरीकडे ठेवायला मिळेल म्हटल्यावर ते हरखूनच गेले.

फळ्या मात्र कुणाकडेच नव्हत्या. शेवटी सुतारआजोबा म्हणाले, “अरे, आठ जादा फळ्या मीच कापल्या होत्या की, पूल बांधला तेव्हा. सहा-सहा फुटी, प्रत्येकीच्या पाठीवर कोरलेला मासा.”

“मग आहेत कुठे?”

“जपून ठेवल्यात. इतक्या जपून, की मलाही सापडत नाहीत.”

दोन दिवस मापाडीने गावातली सहा फुटी प्रत्येक गोष्ट तपासली. बेकरीचं टेबल झालं, झोपलेला पहारेकरीही झाला. तो पाच फूट नऊ इंच भरला, म्हणून सुटला.

रविवारी तिघं सभागृहात गेले. व्यासपीठावर सतरंजी, सतरंजीवर समिती. फळ्या आणायच्या कुठून, यावर अध्यक्षकाका कळवळून बोलत होते. मापाडीने सवयीने व्यासपीठाला टेप लावली. बरोबर सहा फूट. तिने शेंडेफळाकडे नुसतं पाहिलं. तो व्यासपीठाखाली शिरला.

“मासा,” खालून आवाज आला. “आणखी एक मासा.”

आठवा मासा मोजून होईपर्यंत अध्यक्षकाका एक पाय वर धरून उभे होते. चार महिने समिती पुलावरच बसली होती!

तरी एका सदस्याने हरकत घेतलीच. व्यासपीठ काढलं तर समितीने बसायचं कशावर?

“उभं राहा,” वकील म्हणाला.

समिती उभी राहिली. पाय दुखू लागल्यामुळे सगळे निर्णय अकरा मिनिटांत झाले. सुतारआजोबांनी फळ्या ठोकून पाहिल्या, खणखणीत होत्या. दादांनी त्या उचलल्या, लोहाराने बोल्ट आवळले. दुखऱ्या गुडघ्यांच्या काकू खुर्ची टाकून बसल्या आणि सगळ्यांच्या चुका दाखवत राहिल्या. हे काम फुकट करणारं माणूस मिळणं कठीण.

गुरुवारी पूल उघडला. पहिले अध्यक्षकाकाच ऐटीत निघाले आणि कठड्याला अडकून त्यांची विजार टरकन फाटली. आत्याच्या दुकानात पडद्याआड उभं राहून त्यांनी मुलांचं कौतुक केलं. आपण नाही ते मोजत बसलो, पोरांनी आहे ते मोजलं, असं ते अगदी मनापासून म्हणाले. पडद्याखाली त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

दाराबाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली होती. आत्याने विजारीला शेवटचा टाका घातला आणि वकिलाकडे पाहिलं.

“तुझी शाळा इथेच. काही म्हणणं आहे?”

वकिलाचं काहीच म्हणणं नव्हतं. मापाडीने वेळ मोजली: तो पूर्ण चार मिनिटं गप्प होता.