निघताना मारलेली हाक

खरं तर अंदमानला जायचं ठरलं होतं. अश्वजित जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दिवाळीच्या सुट्टीत विमानानं जाऊन खरं खरं बेट बघायचं, असं त्यानं लुंबिनीला कबूल केलं होतं. नऊ वर्षांची पोर, आठवडाभर गल्लीत मिरवत होती. पावसाळा सरता सरता ती तापानं फणफणली आणि नांदेडच्या दवाखान्यातून घरी आली ती चादरीत गुंडाळूनच.

त्यानंतर तिची आई, बुद्धप्रिया, रडलीच नाही. स्वयंपाक करायची, सहा वर्षांच्या सुगतचा डबा भरायची, त्याला शाळेच्या गाडीत बसवून द्यायची. सगळं बिनचूक. फक्त सुगतला पोटाशी धरलं की उशी धरल्यासारखं वाटायचं. पोटच्या पोराबद्दल असं वाटतं याची तिला लाज वाटायची, पण तीसुद्धा लांबून, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू यावं तशी. एकदा रडून मोकळी हो, असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगून गेली. रडणं म्हणजे काय नळाचं पाणी आहे, की तोटी फिरवली आणि आलं?

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी अश्वजितनं गाडी काढली. कंधारच्या पलीकडं, धरणाच्या पाण्यात, एका टेकडीचं बेट झालेलं आहे. शिंदीची झाडं, बगळे, चहूकडं पाणी. दिवसभर हिंडायचं, डबा खायचा आणि अंधाराच्या आत परतायचं, एवढाच बेत होता.

सासूबाई पंचफुला गुडघ्यांमुळं घरीच राहिल्या. दारातून म्हणाल्या, "तिथून निघताना लेकराला नाव घेऊन हाक मार बरं, प्रिया. न्हाई तर जीव तिथंच रेंगाळतो."

"आई, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात," अश्वजित वैतागला. "हे कुठून काढलंस?"

"हाक मारल्यानं कुठली प्रतिज्ञा मोडती रे?"

मास्तरांनी गाडीचं दार उघडलं. बुद्धप्रियेला ती सवय होतीच. लग्न होऊन आल्यापासून सासूचं बघून बघून लागलेली. रानातून, नदीवरून, जत्रेतून परतताना मुलांना हाक मारायची आणि मगच पाय उचलायचा.

पलीकडं नेणारा ग्यानोबा धरणात मासे धरायचा. उन्हानं रापलेला, बोलायला कंजूष माणूस. त्यानं होडी बेटाच्या काठाला लावली आणि म्हणाला, "दिवस कलायच्या आत इथं या. मी शीळ घालतो."

"बेटावर काही आहे का? जुनं देऊळ, वाडी?" अश्वजितनं विचारलं.

"काय बी न्हाई. नुसती टेकडी व्हती. कुणी राहिलं न्हाई, कुणी मेलं न्हाई, कुणी बुडलं न्हाई."

दिवस चांगला गेला, हे मुद्दाम सांगायला हवं. सुगत पाण्याच्या कडेनं पळत सुटला, "हेच अंदमान" म्हणून ओरडला. बगळ्यांची पिसं गोळा केली, शिंपले खिशात भरले. शिंदीखाली बसून त्यांनी धपाटी, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अश्वजित हसला, बऱ्याच महिन्यांनी. बुद्धप्रियेनं त्याला हसताना पाहिलं आणि तिला काहीही वाटलं नाही. चटणी तिखट झाली आहे एवढं कळलं.

टेकडीच्या पोटाशी शिंदीची गच्च जाळी होती. तिच्याजवळ गेलं की पक्ष्यांचा आवाज बंद व्हायचा आणि गाळाचा, कुजक्या पानांचा वास यायचा. सुगत तिथं दोनदा गेला आणि दोन्ही वेळा आपणहून माघारी आला.

उन्हं उतरली तशी शीळ आली. ग्यानोबा होडीत उभा होता. त्यानं सुगतलाही हाक न मारता शीळ घालूनच जवळ बोलावलं. "असं का?" अश्वजितनं विचारलं.

"सवय हाय, गुरुजी. ह्या पाण्यावर आम्ही कुणाचं नाव घेत न्हाई."

हे बोलणं बुद्धप्रियेच्या कानावर पडलंच नाही. ती मागं होती, डब्यांची पिशवी उचलत. पिशवी खांद्याला लावून ती बेटाकडं तोंड करून उभी राहिली आणि नेहमीच्या सुरात, मोठ्यानं म्हणाली, "सुगत, चल रे बाळा, घरला चल."

आणि नऊ वर्षांच्या सवयीनं जीभ पुढं गेलीच. "लुंबिनी, चल गं बाई, घरला चल."

अश्वजितनं मान खाली घातली. बुद्धप्रियेला चूक कळली, पण ती कळणंसुद्धा बधिरच होतं.

मग जाळीतून आवाज आला.

"हाव... आले."

लुंबिनी कधी 'हाव' म्हणायची नाही. तिचं 'आले गं मम्मी' असायचं, आणि तेही पळता पळता. हा आवाज मोठ्या बाईनं पोरीचा काढावा तसा होता, सावकाश आणि जपून.

"बसा," ग्यानोबा दबक्या आवाजात म्हणाला. "बसा आधी... मागं बघू नका."

होडी पाण्यात लोटली. थोडं अंतर जाताच ती बुद्धप्रियेच्या बाजूला कलली. तिच्याशेजारी फळी रिकामी होती. सुगत बापाला चिकटून बसला होता आणि त्या रिकाम्या फळीकडं बघत होता.

"ताई," ग्यानोबा वल्हं मारता मारता म्हणाला, "तिला सांगा... तू माझी न्हाईस म्हणून. पाण्यात हाय तवरच सांगा. काठाला लागल्यावर ऐकत न्हाईत."

"प्रिया... सांग," अश्वजित म्हणाला. प्रतिज्ञा आठवण्याच्या स्थितीत तो नव्हता.

बुद्धप्रियेनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. जड, ओलं, गार. लुंबिनीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास असायचा, या डोक्याला गाळाचा होता. ही आपली नव्हे, हे तिला लख्ख कळत होतं. पण खांद्याला ओल जाणवत होती, गारवा हाडात उतरत होता, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी जाणवत होतं.

"सांगितलं," ती म्हणाली.

"कधी?"

"मनात."

ग्यानोबानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. काठ आल्यावर ते उतरले, तेव्हा तो पाठ फिरवून उभा राहिला आणि गाडी सुरू होईपर्यंत वळला नाही.

सुगत न सांगता पुढं बापाशेजारी बसला आणि त्यानं स्वतःच पट्टा लावला. बुद्धप्रिया मागं बसली. गाडी डांबरीवर आली आणि तिला रडू फुटलं. ती हमसून हमसून रडली, लुंबिनीसाठी, चादरीसाठी, उशीसारख्या वाटलेल्या सुगतसाठी. पोरगं इतके महिने आईशिवाय राहिलं, या विचारानं तिचं काळीज पिळवटलं. आता त्याला पोटाशी घ्यावं, असं तिला आतून वाटलं.

"रड," अश्वजित म्हणाला, "रडून घे." त्यानं आरशातून मागं पाहिलं. मग आरसा टपाकडं फिरवला.

बुद्धप्रियेनं स्वतःकडं पाहिलं. तिचा डावा हात कुणाला तरी कवेत घेतल्यासारखा हवेत वळलेला होता. तिनं तो काढून घेतला नाही.

"मम्मी," सुगत समोर बघत म्हणाला, "तिला माझं नाव घेऊ देऊ नको."

नाही घेऊ देत, राजा, असं तिला म्हणायचं होतं. पण घशातून आवाजच निघाला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, तेवढंच. आणि तिच्या खांद्याजवळून, हुबेहूब तिच्याच आवाजात, तिच्याच मायेनं हाक आली.

"सुगत... ये रे बाळा, मागं ये."

बुद्धप्रिया जीव खाऊन मान हलवत राहिली, नको, नको. पण आरसा फिरलेला होता आणि पोरगं पुढं बघत होतं. त्याचा चेहरा खुलला. किती दिवसांनी आईनं असं बोलावलं होतं.

"आलो मम्मी," म्हणत सुगतनं पट्टा सोडला.