चितळं घटली, पिल्लं दोन

मुलुंडच्या डोंगराआड, सुक्या ओढ्याकाठी झाडाला बांधलेल्या, जनावरांचे फोटो आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यातलं कार्ड आणायचं, एवढीच आमची मोहीम. पण त्या कार्डावाचून श्रुतिकाची पीएचडी अडली होती. चितळं घटली की मागोमाग बिबटे घटतात, मग चितळं पुन्हा वाढतात, असं तिचं गणित सांगत होतं. चितळं घटली होतीच. बिबटे घटल्याचा पुरावा कार्डात असणार होता. प्रबंधाची मुदत उद्याच संपत होती; आज तो हुकला, तर आणखी एक वर्ष थांबा!

करवंदीच्या जाळीने माझी बाही फाडली. पुढे उतारावरचा मुरूम सरकला आणि मी बसल्या बसल्याच बराच खाली पोचलो. श्रुतिकाने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढे वनरक्षक सीताराम काठीने पाचोळा वाजवत चालला होता.

"भरदुपारी कशाला आणलंस गं?"

"दुपारी बिबट्या बाहेर नसतो, निहार. आलेख बघ ना माझा. दुपारी शून्य!"

मीही गणितवालाच, त्यामुळे मला ते पटलं. सरासरीवर विसंबून जंगलात शिरणारे आमच्यासारखेच.

वळणावर सीताराम थबकला. त्याने हात वर केला.

कॅमेऱ्याच्या झाडाखालीच बिबट्याची मादी! तिच्यामागे दोन पिल्लं एक लाल पट्टा ओढत होती. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा.

"वस्तीतली कुत्री मी गणितात धरलीच नव्हती रे," श्रुतिका पुटपुटली. "चितळांवाचून हिचं काहीच अडलं नाही."

माझ्या पायाखालचा दगड निसटला. मादी झेपावली! धूळ उडाली. चार हातांवर ती थांबली, गुरगुरली आणि पिल्लांकडे परतली.

"पाठ नाय दाखवायची," सीताराम कुजबुजला. "आरडाओरडा केला तर हटेल ती. कार्ड मिळेल मॅडम. पण घाबरून पिल्लं पांगली, तर परत मिळतील का तिला, सांगता येत नाय."

श्रुतिकाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग पिल्लांकडे.

"नको. चला."

आम्ही एकेक पाऊल मागे सरकत वळण ओलांडलं. मग मात्र धूम ठोकली!

टेकाडावर पोचल्यावर मी धापा टाकत म्हणालो, "वर्ष गेलं गं तुझं."

"गेलं." ती घाम पुसत हसली. "बिबटे कमी व्हावेत म्हणून देव पाण्यात घालून बसले होते रे मी."